भिंतीची ओल: पाणी नेमकं कुठून येतंय हे कसं शोधायचं

भिंतीला ओल दिसली की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, ओलीवरचा म्हणून मिळणारा प्रायमर लावतो, त्यावर पुट्टी आणि दोन हात रंग. दिवाळी छान जाते. पुढच्या जुलैत तोच डाग परत येतो, बहुतेक वेळा थोडा वर सरकून. मग दुसरा कुणीतरी बाथरूमच्या लाद्या उखडायला सांगतो, तिसरा गच्चीवर केमिकल मारायला सांगतो. तिघांपैकी कुणीच पाणी कुठून आत शिरतंय ते पाहिलेलं नसतं.

शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो धीर, आणि एक नियम: एका वेळी एकच पाणी तपासायचं, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये भिंतीला वेळ द्यायचा. लोक शॉवर, फरशी आणि ड्रेनेज एकाच दिवशी ‘तपासतात’, डाग वाढतो, आणि तिघांपैकी दोषी कोण ते कळतच नाही.

## सुरू करण्याआधी: तयारी

पेन्सिल, मोजपट्टी, मोबाइल कॅमेरा, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, चांगली चिकटपट्टी, खाण्याचा लाल किंवा हिरवा रंग, थोडी चिकणमाती किंवा खिडकीच्या काचेला लावतात ती पुट्टी, एक बादली, एक मग आणि बागेचा पाइप. एवढं जमवा. घराचा प्लंबिंगचा नकाशा असेल तर शोधून ठेवा. नसेल तर ओल्या भिंतीच्या पलीकडे, वर आणि खाली काय आहे ते कागदावर काढा. वरच्या मजल्याच्या घरात जाऊन बघा. तुमच्या बेडरूमवर त्यांची मोरी आहे की बाल्कनी, हे नुसत्या अंदाजाने ठरवू नका.

तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या भिंतीला खरवडणं, धुणं, रंगवणं बंद. डाग हाच तुमचा पुरावा आहे.

सावधान: ओल स्विचबोर्ड, प्लग किंवा ट्यूबच्या पॉइंटपर्यंत पोचली असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा आणि वायरमनला बोलवा. स्लॅब किंवा बीमखाली तपकिरी गंजाचे डाग, सळईच्या रेषेत गेलेली भेग किंवा फुगलेलं काँक्रीट दिसलं तर घरगुती तपासणी तिथेच थांबवा. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

## टप्पा १: डागाचा नकाशा

ओलीच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. जमिनीपासून डागाची खालची आणि वरची कड किती उंचीवर आहे ते मोजा. फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत येऊ द्या. आठवड्याने पुन्हा रेघ.

नाण्याने भिंतीवर हलके ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. बऱ्याचदा पोकळ भाग दिसणाऱ्या डागापेक्षा मोठा निघतो. तोही रेखाटून घ्या.

आता डागाचा आकार बघा:

- जमिनीपासून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर साधारण आडव्या रेषेत थांबलेला, वरच्या कडेला पांढरा खार: जमिनीची ओल, किंवा तळाशी साचणारं पाणी.
- छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा: गच्ची, वरचं बाथरूम किंवा कठडा.
- खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशांसारखा उतरणारा: खिडकी.
- भिंतीच्या मध्येच गोल, जमीन आणि छत दोन्हीपासून सुटा: आतला पाइप किंवा बाहेरची भेग.
- कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी, पण गिलावा टणक: हवेतलं बाष्प.

यातलं काहीही अजून निदान नाही. ही संशयितांची यादी आहे. पाणी स्लॅबमधून, वायरी नेणाऱ्या कन्ड्यूट पाइपमधून, बीम आणि भिंतीच्या सांध्यातून आडवं पळतं आणि भलतीकडे बाहेर पडतं. डाग दिसतो तिथेच पाणी शिरतं असं मानून फोडाफोडी करणं ही सगळ्यात महाग चूक.

## टप्पा २: ओल कधी वाढते

महाराष्ट्रात हा टप्पा फार कामाचा आहे, कारण आपल्याकडे पाऊस चार महिने येतो आणि बाकी आठ महिने जवळजवळ नसतो. एप्रिलमध्ये, महिनाभर थेंब पडलेला नसताना डाग ओला असेल तर पावसाला यादीतून काढून टाका. उरतं ते घरातलं पाणी किंवा जमीन. उलट एप्रिलमध्ये भिंत खडखडीत आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओली, तर नळाच्या पाइपवर संशय घ्यायचं कारण फारसं उरत नाही.

पावसाळ्यात आणखी बारकाईने बघा. सरळ पडणाऱ्या संततधारेत ओल वाढते की वाऱ्यासकट झोडपणाऱ्या पावसात? आपला मोसमी वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. पश्चिमेची भिंत वाऱ्याच्या पावसात तासाभरात ओली झाली तर भेगा आणि खिडक्या बघा. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर ओल दिसायला लागली तर पाणी कुठेतरी साठून हळूहळू झिरपतंय. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असं पाणी कितीतरी दिवस धरून ठेवतो.

एक फसवा प्रकार कोकणात आणि मुंबईत नेहमी भेटतो. पाणी कधीच बंद झालेलं असतं, पण भिंतीत मीठ साचलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. जुलैत किनाऱ्यावरची हवा त्याहून दमट असते. मग ढगाळ दिवशी, पाऊस न पडताही, जुना डाग ओला दिसतो आणि ऊन पडलं की सुकतो. अशा भिंतीला नवं वॉटरप्रूफिंग नको. खार धरलेला गिलावा काढून नवा करावा लागतो.

तपासा: दोन आठवड्यांच्या नोंदीत पाऊस, पाण्याचा वापर आणि डाग यांची तारखेनुसार जोडी लागते का? नसेल लागत तर आणखी एक आठवडा थांबा.

## टप्पा ३: फॉइलची परीक्षा

डागावर साधारण एक फूट चौरस फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. भिंत फार ओली असेल तर पट्टी टिकत नाही. पंख्याने वरवर सुकवून मग लावा. २४ ते ४८ तासांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी हवेतून येतंय. भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीच्या आतून. भर पावसाळ्यात दोन्ही बाजू ओल्या होऊ शकतात, म्हणून ही परीक्षा कोरड्या दिवसांत जास्त विश्वासाची.

आपल्याकडे भिंतीवर दव धरण्याचं नेहमीचं कारण एसी. शेजारच्या खोलीत रात्रभर १८ अंशांवर एसी चालतो, मधली भिंत गार पडते, आणि तुमच्या बाजूची दमट हवा तिच्यावर घाम धरते. आठवडाभर एसी २५-२६ वर ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा. डाग मागे हटला तर शोध संपला.

एसीच्याच बाबतीत आणखी दोन गोष्टी. त्याचा पाण्याचा पाइप भिंतीतून नेला असेल तर तो तुंबलाय का बघा. आणि तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं आहे ना? उतार आतल्या बाजूला असेल तर पावसाचं पाणी त्या भोकातून थेट घरात येतं.

## टप्पा ४: बाहेरून फेरी

आतल्या डागाची उंची बाहेरच्या भिंतीवर मोजून खूण करा आणि तिथून वरच्या दिशेने बघत जा. गिलाव्यातल्या भेगा, बीम आणि विटांच्या सांध्यातली आडवी रेघ, गच्चीचं किंवा बाथरूमचं पाणी खाली आणणाऱ्या डाउनटेक पाइपच्या सांध्याजवळ शेवाळ, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप, छज्जावर साचलेला कचरा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी खालून मागे वळून भिंतीला लागतं.

तळमजल्याच्या घरात जमिनीची पातळी बघा. जोतं साधारण दीड फूट तरी वर असायला हवं. पण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना जुन्या फरशीवरच भर घातली जाते, रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, कुणी भिंतीला लागून कुंड्यांचा वाफा करतं. जोत्यावरचा ओल अडवणारा थर त्याखाली गाडला जातो आणि पाणी त्याला वळसा घालून वरच्या भिंतीत चढतं. अशा घरात आतून कितीही केमिकल मारा, उपयोग शून्य. बाहेरची भर उतरवणं आणि पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार देणं हाच उपाय. देशावर काळ्या मातीत हे आणखी जपावं लागतं, कारण ती माती पाणी धरून ठेवते. कोकणात जांभ्याच्या भिंतीला पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून तळाशी शिंतोडे उडतात. तीही ओल खालून चढल्यासारखीच दिसते. पन्हळ लावून एक पावसाळा बघा.

आता स्लायडिंग खिडकी. खालच्या ट्रॅकमध्ये एक मगभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर जाऊन बघा. चांगल्या खिडकीत पाणी बाहेरच्या कडेच्या बारीक भोकांतून धार धरून पडतं. ती भोकं धुळीने, सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असतील तर ट्रॅकमधली पातळी उतरत राहते, पण बाहेर थेंब दिसत नाही. ते पाणी चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत गेलेलं असतं. टाचणीने भोकं मोकळी करा, पुन्हा मगभर ओता. हजारो रुपये घालवलेली ओल कधीकधी या भोकांत सापडते.

## टप्पा ५: दाबाचे पाइप

टाकीतून येणाऱ्या नळाच्या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, म्हणून त्याची ओल वापराशी न जुळता सतत वाढत राहते. स्वतंत्र मीटर असेल आणि रात्रीही पुरवठा चालू असेल तर रात्री सगळे नळ आणि टाकी भरणारा कॉक बंद करून आकडा टिपा, सकाळी पुन्हा बघा. हा आकडा मीटरपासून त्या कॉकपर्यंतच्या पाइपचाच. टाकीनंतरच्या पाइपसाठी संध्याकाळी टाकीच्या आतल्या बाजूला पातळीची खूण करा आणि पाणी न वापरता सकाळी तपासा.

फ्लॅटमध्ये हे जमत नाही, कारण मीटर बहुधा पूर्ण इमारतीचा एक. तिथे थंड आणि गरम लाइन वेगळ्या करून बघा. गीझरला जाणाऱ्या पाण्याचा कॉक चार-पाच दिवस बंद ठेवा. गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळही बंदच ठेवा, नाहीतर थंड पाणी त्यातून गरम लाइनमध्ये शिरतं. डाग सुकायला लागला तर गळती गरम लाइनमध्ये. फरक पडला नाही तर प्लंबरकडून हँडपंप आणि प्रेशर गेज लावून दोन्ही लाइन स्वतंत्रपणे तपासून घ्या. सगळे कॉक बंद असताना गेजचा काटा तासाभरात खाली आला तर लाइन फुटलेली आहे.

चूक: दाब तपासताना फ्लशच्या टाकीचा, वॉशिंग मशीनचा किंवा फिल्टरचा कॉक उघडा राहतो, काटा उतरतो आणि चांगली भिंत फोडली जाते. काटा उतरला की आधी हे कॉक पुन्हा तपासा.

अलीकडे पडद्याचा रॉड, टीव्ही किंवा आरसा बसवला असेल तर ती जागा आठवा. ड्रिलने पाइपला लागलेलं भोक स्क्रूमुळे काही महिने जवळजवळ बंद राहतं आणि नंतर पाझरतं.

## टप्पा ६: बाथरूम

बहुतेक भांडणं इथली असतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त शिस्त लागते. बाथरूम वरच्या घरात असेल तर त्यांना सगळा क्रम आधी समजावून सांगा. ‘काका, आठवडाभर तुमचं दुसरं बाथरूम वापराल का?’ असं विचारलं तर लोक ऐकतात. आरोप करत गेलात तर दार बंद होतं.

क्रम असा, आणि तो मोडू नका.

(क) कोरडं. तीन-चार दिवस त्या बाथरूमचा वापर पूर्ण बंद. पाइपमध्ये दाब राहू द्या. तरीही डाग वाढत असेल तर टप्पा ५ कडे परत जा.

(ख) फक्त ड्रेनेज. फरशी न भिजवता, बागेच्या पाइपने थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) आत आठ-दहा बादल्या पाणी सोडा. पाण्यात खाण्याचा रंग घाला. हळद घालू नका, तिचे डाग जात नाहीत. २४ तास वाट बघा. खाली रंग उतरला तर ट्रॅपच्या खालचा सांधा किंवा पाइप दोषी. रंग न उतरता नुसतं पाणी आलं तरी ड्रेनेज निर्दोष ठरत नाही, कारण कोबा आणि काँक्रीट रंग गाळून घेतात. कमोडसाठी हीच परीक्षा वेगळ्या दिवशी, फ्लश करून.

(ग) फरशी, ट्रॅप सोडून. ट्रॅपभोवती चिकणमातीचं किंवा पुट्टीचं गोल कडं करा, उंबऱ्याशीही बांध घाला, आणि कड्याच्या बाहेर इंचभर पाणी भरा. पातळीची खूण करा. २४ ते ४८ तास ठेवा. खाली ओल आली तर लाद्यांचे सांधे आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे.

(घ) ट्रॅपची कड. आता कडं काढा, ट्रॅपच्या तोंडात घट्ट बूच मारा आणि पुन्हा तेवढंच पाणी भरा. (ग) मध्ये कोरडं आणि इथे ओलं, याचा अर्थ ट्रॅप आणि फरशी यांच्यामधला सांधा सुटलाय. ही फार नेहमीची गळती आहे. तेवढाच भाग उघडून दुरुस्त होतो. त्यासाठी पूर्ण बाथरूम उखडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

(च) भिंती. ट्रॅप मोकळा ठेवून शॉवरचं पाणी वीस मिनिटं लाद्यांवर मारा, विशेषतः मिक्सर आणि नळ जिथून बाहेर येतात तिथे. पितळी नळाभोवतीची चकती सरकवून बघा. आत अनेकदा मोकळं भोकच असतं.

प्रत्येक पायरीनंतर किमान एक दिवस थांबा. स्लॅबमधून पाणी उतरायला काही तासांपासून दोन दिवस लागतात. घाई केलीत तर कालच्या पाण्याचा दोष आजच्या पाण्यावर येतो.

## टप्पा ७: गच्ची आणि बाहेरची भिंत

गच्चीची परीक्षा उन्हाळ्यात घ्या. पावसाळी पाइपची तोंडं बंद करा, सिमेंट-वाळूच्या छोट्या बांधांनी गच्चीचे भाग पाडा आणि एका वेळी एकाच भागात इंचभर पाणी ४८ तास धरा. फरशी आणि कठड्याच्या कोपऱ्यात दिलेली गोलाई (वाटा), कठड्याचा तळ आणि पावसाळी पाइपचं तोंड बहुतेक वेळा सपाट फरशीच्या आधी गळतात, म्हणून त्यांना वेगळे भाग करा.

सावधान: एक इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर सव्वादोनशे किलोंहून जास्त. स्लॅब जुना, वाकलेला किंवा खालून सळया दिसणारा असेल तर ही परीक्षा करू नका.

बाहेरच्या भिंतीवर पाइपने पाणी मारताना खालून वर जा. आधी डागाच्या पातळीखालचा पट्टा अर्धा तास, मग थांबणं, मग त्यावरचा पट्टा. वरून सुरुवात केली तर ओघळणारं पाणी खालच्या सगळ्या भेगांत शिरतं आणि परीक्षा वाया जाते. पाण्याचा जोरही पावसाएवढाच ठेवा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप चांगल्या भिंतीतही पाणी घुसवतो.

## टप्पा ८: जमिनीची ओल, सगळ्यात शेवटी

तळमजल्यावर दिसणारी प्रत्येक ओल ‘खालून चढते’ असं सरसकट सांगितलं जातं आणि भिंतीला भोकं पाडून केमिकल भरलं जातं. वरच्या सगळ्या परीक्षा कोरड्या गेल्याशिवाय हे मान्य करू नका. विटेत पाणी समईच्या वातीतल्या तेलासारखं चढतं, पण साधारण तीन-साडेतीन फुटांच्या वर क्वचितच जातं. पाच फुटांवर ओल असेल तर कारण दुसरं आहे.

खात्री करायला एका उभ्या रेषेत अर्ध्या, दीड, तीन आणि पाच फुटांवर ड्रिलने भोक पाडा. पाइप आणि वायरी तिथे नाहीत हे आधी बघा. वरचा गिलावा सोडून विटेतली पूड वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत घ्या आणि मुठीत दाबा. खालच्या भोकांची पूड गोळा धरते आणि वर जाताना क्रमाने कोरडी होत जाते, तर जमिनीची ओल. सगळीकडे सारखीच किंवा मधलीच जास्त ओली, तर पुन्हा पाइप आणि भेगांकडे.

पिन टोचून आकडा दाखवणारं मॉइश्चर मीटर कुणी आणलं तर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून घेऊ नका. भिंतीतल्या खारामुळेही तो चढतो. ओल्या आणि कोरड्या जागेची तुलना करायला मात्र ते चालतं.

## टप्पा ९: कारण पक्कं करणं आणि पुढचं काम

एक परीक्षा ‘लागली’ की लगेच मिस्त्री बोलावू नका. भिंत सुकू द्या आणि तीच परीक्षा पुन्हा करा. दोनदा तेच आलं तर कारण पक्कं. दोन कारणं एकत्र असू शकतात, म्हणून पहिलं दुरुस्त झाल्यावर उरलेल्या परीक्षा पूर्ण करा.

सोसायटीत खर्चाचा प्रश्न निघतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. फ्लॅटमधल्या संडास-बाथरूम, सिंक यांची अंतर्गत गळती सभासदाने. म्हणून पत्रासोबत तारखांसह रेघांचे फोटो आणि परीक्षांचा क्रम जोडा. ‘गळतंय’ एवढं लिहिलेलं पत्र फाइलमध्ये पडून राहतं. कोणत्या दिवशी कुठे पाणी भरलं आणि किती तासांनी कुठे उतरलं हे लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

दुरुस्तीनंतर खराब गिलावा डागाच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत काढा. खार कोरड्या ब्रशने झाडा आणि पूड उचलून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर मीठ विरघळून पुन्हा भिंतीत जातं. नऊ इंची भिंत सुकायला काही महिने लागतात, तोवर ती उघडीच ठेवा. पुन्हा फॉइल लावा; भिंतीकडची बाजू ४८ तास कोरडी राहिली की गिलावा, आणि गिलावा पूर्ण वाळला की रंग. गळती पावसाची होती तर रंगाआधी एक पावसाळा जाऊ द्या.